जुन्या फर्ग्युसनची लिफ्ट बसते तेव्हा

इंजिन चालू असताना ट्रॅक्टरमागच्या हायड्रॉलिक लिफ्टवरचं अवजार वर राहतं, पण दर काही सेकंदांनी थोडं खाली येतं आणि झटक्यासरशी परत वर जातं. इंजिन बंद केलं की बघता बघता जमिनीला टेकतं. मॅसी फर्ग्युसन ३५ चं हे काम हाती घेतलं तेव्हा तक्रार एवढीच होती आणि तिच्यासोबत ‘पंप गेला’ हे निदानही आलं होतं. या मालिकेच्या ट्रॅक्टरवर ते निदान सर्रास केलं जातं. बहुतेक वेळा ते चुकीचं निघतं, कारण या लिफ्टची रचना पुढच्या काळातल्या ट्रॅक्टरांपेक्षा वेगळी आहे आणि ती डोक्यात ठेवल्याशिवाय लक्षणांचा अर्थ लागत नाही.

हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीत पंप बाहेर इंजिनाला लावलेला नसतो. तो मागच्या हाउसिंगमध्ये, गिअर ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागे जोडलेल्या यंत्रांना इंजिनाची ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. चार पिस्टनचा पंप. लिफ्टचा सिलिंडर वरच्या कव्हरच्या पोटाला आडवा बसवलेला असतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. लिव्हर वर केला की व्हॉल्व्ह तेलाची आत येण्याची वाट उघडतो, पंप तेल ओढतो आणि सिलिंडरमध्ये ढकलतो. ठरलेल्या उंचीला पोचलं की ती वाट बंद होते. पंप फिरत राहतो, पण ओढायला तेलच नसतं. लिव्हर खाली केला की त्याच व्हॉल्व्हची दुसरी बाजू उघडते आणि सिलिंडरमधलं तेल परत हाउसिंगमध्ये पडतं.

यातून निदानाचं पहिलं सूत्र मिळतं. अवजार पूर्ण उंचीपर्यंत झपाट्याने जात असेल, तर पंप जिवंत आहे. वर गेल्यावर ते बसत असेल, तर दाबाखालचं तेल कुठून तरी निसटतंय. अवजार उचलणारे आर्म थोडे खाली आले की आतला कॅम व्हॉल्व्हला पुन्हा उघडतो, पंप तूट भरून काढतो आणि आर्म वर उसळतात. मान डोलावल्यासारखी ही हालचाल दिसली, की पंपाला दोष देण्याआधी गळती शोधायची.

कव्हरला पाना लावण्याआधी

पहिली तपासणी तेलाची. आर्म पूर्ण खाली आणि ट्रॅक्टर सपाट जमिनीवर असतानाच डिपस्टिक बघायची. आर्म वर असताना बरंच तेल सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे पातळी कमी दिसते आणि माणूस जास्त तेल ओततो. फर्ग्युसनच्या ३५ आधीच्या टीई-२० मॉडेलमध्ये सुमारे २७ लिटर तेल बसतं, ३५ मध्ये त्याहून थोडं जास्त. आकड्यापेक्षा डिपस्टिकवरची खूण खरी मानावी, कारण जुनं तेल कधीच पूर्ण निघत नाही. पातळी कमी असेल तर पंप तेलासोबत हवा ओढतो. फेस होतो, लिफ्ट थरथरत वर जाते. चढावर किंवा उतारावर हे जास्त जाणवतं, कारण तेल एका टोकाला जमा होतं.

तेलाचा रंग बघायचा. दुधाळ, ताकासारखं तेल म्हणजे पाणी. जुन्या ट्रॅक्टरवर ते बहुधा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी बुटातून आत जातं, नाहीतर थंडी-उन्हाच्या फेऱ्यात कव्हरखाली साचलेल्या दवातून. अशा तेलावर लिफ्टचं निदान करण्यात अर्थ नाही. आधी तेल बदलायचं. हाउसिंगला जितके ड्रेन प्लग आहेत तितके सगळे उघडायचे. टीई-२० ला ते तीन आहेत आणि एकच उघडला तर बाकीच्या कप्प्यांमधलं पाणी तिथेच राहतं. तेल कामाच्या तापमानाला आलेलं असताना सोडावं, नाहीतर गाळ तळाशी चिकटून बसतो.

कोणतं तेल, हा प्रश्न हमखास येतो. मूळ शिफारस एसएई ८० च्या आसपासच्या गिअर ऑइलची होती. आज गिअर, हायड्रॉलिक आणि ओल्या ब्रेकसाठी एकत्र मिळणारं यूटीटीओ प्रकारचं तेल चालतं. लिफ्ट बसू नये म्हणून जाड तेल घालण्याची सवय मात्र वाईट. थंड असताना पंपाला ते ओढता येत नाही, तापल्यावर गळती होती तशीच राहते. जीएल-५ दर्जाचं तेलही टाळावं. त्यातली रसायनं ब्राँझच्या बुशांना मानवत नाहीत.

दुसरी तपासणी क्लच आणि पीटीओची. टीई-२० वर पीटीओचा लिव्हर गुंतवल्याशिवाय पंप फिरतच नाही आणि क्लच दाबला की लिफ्ट थांबते. ३५ मध्ये पंपाला पीटीओ लिव्हरची गरज नाही. दुहेरी क्लचच्या ३५ वर पेडल अर्ध्यापर्यंत दाबलं तर चाकं थांबतात आणि पंप चालू राहतो. पूर्ण दाबलं तर पंपही थांबतो. क्लचची सेटिंग बिघडलेली असेल तर पेडल थोडंसं दाबताच लिफ्ट मरते. तो दोष लिफ्टचा नाही.

तिसरी गोष्ट अगदी साधी. मागे काही जोडलेलं नसताना आर्म खाली येत नाहीत, अशी तक्रार येते. ही लिफ्ट एकाच दिशेने जोर लावते. खाली येण्याचं काम अवजाराचं वजन करतं. रिकामे आर्म घट्ट बुशांमुळे अडून राहू शकतात. हाताने दाबून ते खाली जात असतील तर आत बिघाड नाही.

दाब मोजणं

३५ च्या लिफ्ट कव्हरवर, सीटच्या पुढे उजव्या बाजूला ट्रान्सफर कॅप असते. तिच्याखाली पंपाकडून वर येणारा उभा पाइप संपतो. आर्म पूर्ण खाली आणून, इंजिन बंद करून तिथला प्लग काढला आणि ५००० पीएसआयपर्यंतचा गेज बसवला, की आतली परिस्थिती सरळ वाचता येते. गेजची नळी जुनी किंवा सोललेली नको. या दाबाखाली बारीक छिद्रातून निघालेली तेलाची चिळकांडी कातडीत शिरते आणि ती जखम शस्त्रक्रियेवर जाते. गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

इंजिन हजारेक आरपीएमवर ठेवून पोझिशन लिव्हर वर नेला. आर्म टोकाला गेले. मग लिव्हर ट्रान्सपोर्टच्या खुणेपलीकडे, सतत पंपिंगच्या जागी सरकवला. ही जागा ट्रॉलीचा बाहेरचा सिलिंडर चालवण्यासाठी आहे. इथे ओढीची वाट उघडीच राहते आणि दाब रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, उडेपर्यंत चढतो. ३५ मध्ये तो २५०० पीएसआयच्या आसपास उडायला हवा, टीई-२० मध्ये २००० च्या आसपास. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा. व्हॉल्व्ह उडताना खडखड असा स्पष्ट आवाज येतो. हे काही सेकंदांपुरतंच करायचं, जास्त वेळ ठेवलं तर तेल तापतं.

गेजचं वाचन असं असतं. दाब ठरल्याइतका चढला आणि रिलीफ उडाला, तर पंप आणि रिलीफ दोन्ही ठीक. दाब कमीच आहे पण रिलीफचा आवाज येतोय, तर रिलीफची स्प्रिंग दमली आहे किंवा त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे. दाब कमी आहे, आवाज नाही, पण रेस दिली की काटा वर सरकतो, तर पंपाची झीज किंवा मोठी गळती. गार असताना ठीक आणि तासभर कामानंतर कमजोर, हेही झिजेचंच लक्षण. तापलेलं पातळ तेल वाढलेल्या फटींतून निसटतं. लिफ्ट ठेक्यात हिसके देत वर जात असेल, तर पंपाच्या चार कप्प्यांपैकी एखाद्याचा व्हॉल्व्ह बसत नाहीये, म्हणजे तो पिस्टन नुसताच मागेपुढे होतोय.

या ३५ वर काटा २५०० ला पोचला आणि रिलीफ उडाला. पण इंजिन बंद करताच काटा घसरत खाली आला. म्हणजे पंप निर्दोष. त्याच्यापुढे कुठेतरी गळती.

गळती कुठे आहे

दाबाखालचं तेल निसटायला मोजक्याच जागा आहेत: सिलिंडर आणि पिस्टनमधली फट, सिलिंडर कव्हरला जिथे जोडला जातो तिथली ओ-रिंग (गोल रबरी सील), उभ्या पाइपच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा, रिलीफ व्हॉल्व्ह, पंपाचे बाहेर जाणारे व्हॉल्व्ह आणि कंट्रोल व्हॉल्व्हची उतरण्याची बाजू. यातलं नेमकं कोण, हे कव्हर न उघडताही बरंचसं कळतं.

जड अवजार पूर्ण वर घेऊन इंजिन बंद करायचं आणि खाली यायला लागणारा वेळ मोजायचा. मग तेच अर्ध्या उंचीवरून. या ट्रॅक्टरवर अर्ध्या उंचीला अवजार बराच वेळ टिकत होतं आणि पूर्ण उंचीवरून भराभर बसत होतं. या फरकाला फार अर्थ आहे. ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर आर्मच्या उंचीनुसार एवढा फरक पडत नाही. उंचीप्रमाणे गळती बदलते, याचा अर्थ सिलिंडरचा बोअर (आतली पोकळी) एका पट्ट्यात खराब आहे: आर्म पूर्ण वर असताना पिस्टन जिथे असतो त्या मागच्या पट्ट्यात.

तो पट्टा मागचाच का खराब होतो, याचं कारण उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये आहे. आर्म खाली असताना पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या, बंद टोकाला असतो. त्याच्या मागचा बोअर उघडा राहतो आणि सिलिंडर तेलाच्या पातळीच्या वर असल्याने तिथे हवा आणि दव दोन्ही पोचतात. ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहिला की तिथे गंज चढतो. मग आर्म वर जाताना पिस्टनच्या रिंगा त्या खडबडीत पट्ट्यावरून घासत जातात आणि तेल सोडतात.

खात्रीसाठी तेल थोडं कमी करून हाउसिंगच्या बाजूचं तपासणीचं झाकण काढलं. अवजाराखाली भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हे करायचं नाही. ठोकळे असे, की अवजार दोन-तीन इंचच खाली येऊ शकेल. इंजिन बंदच हवं, कारण आत पीटीओचा शाफ्ट असतो आणि चालू असताना तो बाही, चिंधी काहीही गुंडाळून घेतो. टॉर्च टाकून वर पाहिलं तर सिलिंडरच्या मागच्या, उघड्या तोंडातून तेलाची धार लागलेली दिसली. खाली पंपाच्या भोवती, उभ्या पाइपच्या बुडाशी काही हालचाल नव्हती. धार तिथे असती तर पाइपच्या ओ-रिंगा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हकडे जावं लागलं असतं.

कव्हर उतरवणं

सीट, टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) आणि आर्मला जोडलेले उभे लिफ्ट रॉड सोडवले. त्यानंतर ट्रान्सफर कॅप काढून उभा पाइप वर ओढून घेतला. घाईत हीच पायरी राहून जाते. पाइप आत ठेवून कव्हर उचललं तर तो वाकतो किंवा पंपावरची त्याची बैठक फुटते. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या भोकात खोचून ठेवले. चेन ब्लॉकने कव्हर सरळ वर उचललं. ते माणसांनी हाताने उचलायचं वजन नाही, शिवाय तिरपं उचललं तर खाली लोंबणारे कंट्रोलचे लिव्हर हाउसिंगवर आपटून वाकतात.

कव्हर टेबलावर उलटं केलं. कॅम, फोर्क आणि लिव्हर जसे होते तसे फोटो काढून ठेवले आणि लॉकनटांच्या जागी खुणा केल्या. आतल्या या जोडणीचे नट विशेष मापाच्या गेजशिवाय फिरवू नयेत. ते अंदाजाने हलवले की आर्म वर पोचल्यावरही व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि प्रत्येक उचलीला रिलीफ उडत राहतो.

सिलिंडर सोडवून पिस्टन लाकडी दांड्याने ढकलून काढला. कॉम्प्रेसरच्या हवेने काढण्याचा मोह आवरावा. पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोअर पुसून उजेडात धरला तर अंदाज बरोबर निघाला. पुढचा भाग आरशासारखा, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात तपकिरी डाग आणि बारीक खड्डे. ३५ चा बोअर तीन इंचांचा आहे, टीई-२० चा अडीच इंचांचा. सुटे भाग मागवताना ही गल्लत होते. नख फिरवून अडकत नसेल इतका वरवरचा गंज असेल तर बारीक होनने (बोअर घासायच्या दगडांनी) तेल लावून साफ करता येतो. नख अडकलं तर होन करत बसू नये. तेवढं घासेपर्यंत बोअर मोठा होतो आणि नव्या रिंगाही धरत नाहीत. इथे नख अडकत होतं, म्हणून सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा एकत्रच बदलल्या.

नवी रिंग आधी एकटी बोअरमध्ये सरकवून, पिस्टनने ढकलून सरळ करून, तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मॅन्युअलशी ताडून घ्यावी. पिस्टनवर चढवताना रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत. सिलिंडर आणि कव्हरमधली ओ-रिंग नवी घातली, ग्रीसने जागेवर चिकटवून. ती चिमटली तर सगळी मेहनत वाया. कव्हर उघडंच आहे तर आर्म ज्यावर बसतात त्या आडव्या शाफ्टच्या दोन्ही टोकांची सीलंही बदलून घ्यावीत. आर्म काढताना शाफ्ट आणि आर्मवर खूण करायला विसरू नये, नाहीतर दोन्ही आर्म एका उंचीला येत नाहीत. टोकाचे बोल्ट इतपत कसायचे, की आर्म स्वतःच्या वजनाने जेमतेम खाली येईल.

पंप काढावा लागला तर

इथे ती वेळ आली नाही, पण गेजने पंपाकडे बोट दाखवलं असतं तर पुढचं काम दोन मॉडेलांवर वेगवेगळं आहे. टीई-२० चा पंप पीटीओ शाफ्ट मागे ओढल्यावर खालून निघतो. ३५ चा पंप वरून निघतो: कव्हर आणि पीटीओ शाफ्ट काढल्यावर हाउसिंगच्या दोन्ही बाजूंनी पंपाला धरून ठेवणाऱ्या पिना काढाव्या लागतात. उघडताना प्रत्येक पिस्टन आणि व्हॉल्व्ह आपापल्या कप्प्याच्या क्रमाने ठेवायचा, कारण एकत्र झिजलेले भाग अदलाबदल केले की नीट बसत नाहीत. कंट्रोल व्हॉल्व्ह तेल लावून उभा धरला तर स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडकत असेल तर पॉलिश पेपर न लावता आधी त्याची सीलं आणि मधले वॉशर योग्य क्रमाने आहेत का ते पाहावं. आणि पंप बाहेर नसला तरी ओढीची जाळी धुवावी. तिच्यावर गॅस्केटचे तुकडे आणि लिंट हमखास मिळतात. आत पुसायला धागे सुटणारी चिंधी वापरू नये ती यासाठीच.

परत जोडताना

सगळ्यात नाजूक क्षण कव्हर खाली उतरवण्याचा. कव्हरमधून लोंबणारे कंट्रोल लिव्हर पंपावरच्या रोलरला योग्य बाजूने टेकले पाहिजेत. बाजूचं झाकण उघडं ठेवून एकाने आत टॉर्च धरायची आणि दुसऱ्याने चेन ब्लॉक इंचाइंचाने सोडायचा. लिव्हर रोलरच्या चुकीच्या बाजूला गेला तर बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन चालू केल्यावर लिफ्ट एकतर उठत नाही किंवा वर गेलेली खाली येत नाही. कव्हर गाईड पिनांवर बसलं, बोल्ट हाताने लागले आणि टॉर्चच्या उजेडात रोलर हलताना दिसला, मगच बोल्ट कसले, समोरासमोरचे आळीपाळीने. उभा पाइप नव्या ओ-रिंगांसह शेवटी घातला.

मागच्या बाजूला टॉप लिंकला धरणाऱ्या कंट्रोल स्प्रिंगचं सेटिंग याच वेळी बघून घेतलं. ही स्प्रिंग नांगराच्या ओढीचा संदेश व्हॉल्व्हपर्यंत नेते. तिच्यात मागेपुढे ढिलेपणा असेल तर तेवढ्या अंतरात नांगराला काही कळतच नाही आणि खोली वरखाली होत राहते. स्प्रिंग अजिबात ढिली नसावी आणि दाबलेलीही नसावी; हाताने जेमतेम फिरवता येईल इतपत. नांगर खोली धरत नाही म्हणून लिफ्ट उघडण्याआधी ही एक तपासणी केली तर कितीतरी कव्हर उघडण्यापासून वाचतील.

तेल भरून इंजिन मंद गतीवर चालू केलं आणि रिकामे आर्म बऱ्याचदा वरखाली केले. सुरुवातीला थरथर होते ती अडकलेल्या हवेची. फेस बसू दिला, आर्म खाली ठेवून पातळी पुन्हा पाहिली, नव्या सिलिंडरने घेतलं तेवढं तेल वर घातलं. मग तेच जड अवजार, पूर्ण उंची, इंजिन चालू. डोलणं थांबलं होतं. इंजिन बंद केल्यावर अवजार सावकाश खाली येतच राहतं, आणि या वयाच्या ट्रॅक्टरवर ते दोषाचं लक्षण मानू नये. म्हणूनच उचललेल्या अवजाराखाली कधी जायचं नाही, लिफ्ट कितीही नवी असो.

पहिल्या काही तासांच्या कामानंतर कव्हरचे बोल्ट परत तपासले, जाळी पुन्हा उघडून पाहिली आणि ट्रान्सफर कॅपभोवती ओल आहे का ते बघितलं. ट्रॅक्टर बराच काळ उभा राहणार असेल तर दर काही आठवड्यांनी इंजिन चालू करून आर्म भारासकट टोकापर्यंत वर न्यावेत आणि खाली आणावेत. रिंगा मागच्या बोअरवरून सरकतात तेव्हा तेलाचा थर तिथपर्यंत ओढला जातो आणि गंजाला तो पट्टा मिळत नाही.